टाचणीबाईंची बग्गी

टाचणीबाईंच्या दुकानात तो पतंग पहिल्यांदा आला, तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी फाटका तंबूच आणून टाकला.

मंगळवारची सकाळ होती. रस्त्यापलीकडे दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर एक पिशवी घेऊन आत आले आणि तिच्यातून निळं-पिवळं कापड बाहेर काढू लागले. ते काही संपेचना. आधी कापायचं टेबल झाकलं गेलं, मग शिलाई मशीन, मग इस्त्री, आणि शेवटी पडद्यांचं माप घेऊन बाकावर बसलेल्या एक बाई गुडघ्यापर्यंत त्यात बुडाल्या.

“डॉक्टर, हा तंबू कुणाचा?” टाचणीबाईंनी विचारलं.

“तंबू नाही मावशी, पतंग आहे.”

“एवढा? हा तुम्ही उडवता की हा तुम्हाला?”

“खरं सांगू का, निम्म्या वेळा तोच मला,” डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर पोट हलवून हसले.

टाचणीबाई हे नाव त्यांना गल्लीनं दिलं होतं. काम करताना ओठांत दोन टाचण्या धरायच्या आणि त्या तशाच ठेवून गिऱ्हाइकाशी बोलायचं, ही त्यांची सवय. चौतीस वर्षांत त्यांनी एकही टाचणी गिळली नव्हती आणि मनात आलेला एकही शब्द गिळला नव्हता. वय अठ्ठावन्न, अंगकाठी सडसडीत. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. घरात त्या आणि त्यांची धाकटी नणंद, दोघीच. नणंद मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात तीस वर्षं नर्स होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. तिला बाहेरचेच काय, घरचेही सिस्टर म्हणत.

दुकानात शाळेचे गणवेश यायचे, बिघडलेल्या चेन यायच्या, सोफ्याची कव्हरं, दुकानांच्या दारावरच्या ताडपत्र्या यायच्या. पण असं कापड टाचणीबाईंच्या हाती कधी आलं नव्हतं. कागदासारखं हलकं, आणि ओढून पाहावं तर दाद देत नाही. डॉक्टर गेल्यावर त्यांनी पतंग जमिनीवर पसरला, पुढच्या तोंडातून हात आत घातला आणि थेट खांद्यापर्यंत घातला. वरचं एक कापड, खालचं एक कापड, मध्ये कापडाच्याच उभ्या भिंती. पुढचं तोंड उघडं, मागची बाजू बंद. म्हणजे वारा आत शिरायचा आणि पतंग फुगायचा. “गादीच आहे की ही,” त्या मनाशी म्हणाल्या. “फक्त कापसाऐवजी वारा भरायचा.”

फाट चांगली हातभर लांब होती आणि आतल्या दोन भिंतीही गेल्या होत्या. टाचणीबाईंनी तीन दिवस दुपारची झोप सोडून ते काम केलं. शिवण अशी बसली की फाट कुठे होती ते शोधायला चष्मा लागावा. डॉक्टर खूश होऊन पतंग घेऊन गेले.

सोमवारी मात्र ते दुकानाच्या दारात कान खाजवत उभे.

“मावशी, शिलाई फार सुंदर झालीय.”

“पण?”

“पण पतंग सारखा डावीकडे ओढतोय.”

टाचणीबाईंनी ओठांतल्या दोन्ही टाचण्या काढून उशीत खोचल्या. हे लक्षण काही बरं नव्हतं. “डॉक्टर, माझी शिलाई डावीकडेही ओढत नाही आणि उजवीकडेही. वाराच तिरका असेल.”

“मग या रविवारी तुम्हीच बघायला या ना.”

“येते!” त्या म्हणाल्या. हा सगळा प्रकार असा हट्टातून सुरू झाला.

रविवारी ओहोटी होती. समुद्र लांब मागे सरकला होता आणि ओली वाळू फरशीसारखी टणक झाली होती. किनाऱ्याच्या मागे वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर गवताचे झुपके. डॉक्टरांच्या क्लबचे सात-आठ जण आलेले होते. कुणी बँकेत कारकून, कुणी बेकरीवाला, आणि शाळेत शिकवणाऱ्या दोघी जुळ्या बहिणी. प्रत्येकापाशी एक अजब गाडी. तीन जाडजूड चाकं, जमिनीपासून वीतभर उंचीवर झोळीसारखी बैठक, आणि पुढच्या चाकाला दोन बाजूंनी पाय टेकायच्या दांड्या. स्टिअरिंग पायांनी करायचं, कारण हात पतंगात गुंतलेले. तिला म्हणत बग्गी.

टाचणीबाईंनी एका बग्गीभोवती दोन फेऱ्या मारल्या. “हिचा ब्रेक कुठाय?”

“ब्रेक नाही,” बेकरीवाला म्हणाला.

“तुटला?”

“नसतोच. पतंगाला डोक्यावर न्यायचं, गाडीचं तोंड वाऱ्याकडे वळवायचं, की थांबते.”

“आणि नाही थांबली तर?”

“मग वाळू थांबवते.”

तेवढ्यात डॉक्टर निघाले. दवाखान्यातून रस्त्यापर्यंत यायला धापा टाकणारा तो गोल माणूस वाळूवरून असा सुसाट गेला की मागच्या चाकांनी पाण्याचा फवारा उडवला. आवाज मात्र काहीच नाही. इंजिन नाही, धूर नाही, फक्त दोऱ्यांची बारीक शीळ. टाचणीबाई तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या. मग त्यांना आठवलं की आपण भांडायला आलो आहोत, आणि त्यांनी मान वर केली.

पंधरा मिनिटं त्यांनी नुसता पतंग पाहिला. मग हात उंचावून डॉक्टरांना बोलावलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “डावीकडून तिसरी भिंत. शिवणीत बोटभर कापड जास्त गेलंय. चूक माझी आहे. पण हे कुणाला सांगायचं नाही.”

तिथेच वाळूवर फतकल मारून त्यांनी शिवण उसवली आणि सुई-दोरा काढून हातानं पुन्हा घातली. पतंग वर गेला तो सुतात सरळ. क्लबच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी विचारलं, “मावशी, चालवून बघणार?”

“माझं काय डोकं फिरलंय?” टाचणीबाई म्हणाल्या. पुढच्या रविवारी त्या बूट घालून आल्या.

लगेच कुणी त्यांना बग्गीत बसवलं नाही. पहिले पाच रविवार नुसतं उभं राहून छोटा पतंग उडवायचा, असा क्लबचा नियमच होता. दोन हातांत दोन मुठी, प्रत्येक मुठीला दोन दोऱ्या. पुढच्या दोऱ्या ओढायला, मागच्या आवरायला. डॉक्टर समजावून सांगत, “समजा, तुम्ही एका मोठ्या उघड्या छत्रीच्या आत उभ्या आहात आणि वारा तुमच्या पाठीमागून येतोय. छत्रीच्या कडांवर आणि डोक्यावर ओढ कमी. अगदी समोरचा मधला भाग म्हणजे अक्कलदाढ! तिथे पूर्ण तयारीनंच हात घालायचा.”

पहिल्याच रविवारी पतंग अक्कलदाढेत गेला आणि टाचणीबाई चार पावलं पळत जाऊन पोटावर आपटल्या. तोंडात वाळू गेली. उठून त्यांनी ती थुंकली आणि विचारलं, “पुन्हा कसा लावायचा?” कापडाची ओढ ओळखायला त्यांना शिकवावं लागलं नाही. कुठलं कापड कधी ताणेल आणि कधी सुटेल हे त्यांच्या बोटांना डॉक्टरांपेक्षा आधी कळे. सहाव्या रविवारी त्या बग्गीत बसल्या, पतंग हळूच कडेला झुकवला आणि गाडी हलली. शंभर पावलं गेली असेल नसेल, पण त्यांना आपण उडी मारून दुसऱ्या जन्मात आल्यासारखं वाटलं. थांबल्यावर लक्षात आलं की आपण मोठ्यानं हसत होतो.

हे सगळं सिस्टरपासून लपवलेलं होतं. “ताडपत्र्यांची मापं घ्यायला जाते,” असं सांगून त्या रविवारी बाहेर पडत. पण सातव्या आठवड्यात सिस्टरनं कपाटातून चादर काढली आणि चादरीबरोबर एक हेल्मेट घरंगळत आलं.

“वहिनी, हे काय?”

“हेल्मेट.”

“ते दिसतंय मला. ताडपत्री डोक्यात पडते का?”

मग रात्री जेवताना सांगावंच लागलं. सिस्टर ताट पुढ्यात ठेवून ऐकत होती, घास मात्र घेत नव्हती.

“बग्गी म्हणजे घोड्याची?”

“घोडा वर असतो. आकाशात.”

“आणि लगाम?”

“दोरीचा.”

“आणि ब्रेक?”

टाचणीबाईंनी वाटीत लक्ष घातलं.

“वहिनी, ब्रेक?”

“ब्रेक नसतो त्याला.”

सिस्टरनं ताट बाजूला सरकवलं. “तीस वर्षं मी मोडकी माणसं बघितली. पायरीवरून पडलेली, सायकलवरून पडलेली, पलंगावरून पडलेलीसुद्धा. पतंगावरून पडलेलं कुणी आलं नव्हतं. तेवढा मान आपल्या घराला मिळू दे!”

आठवडाभर दोघींमध्ये मिठा-मसाल्यापुरतं बोलणं राहिलं. रविवारी सिस्टर आधीच तयार होऊन दाराशी उभी होती. “मी येतेय. तुझ्या त्या दातवाल्याला चार शब्द सुनावायचेत.”

सुनावायला ती आली खरी, पण किनाऱ्यावर पाऊल ठेवताच तिची नजर बँकेच्या कारकुनावर पडली. दोरीचा गुंता सोडवताना त्यानं ती सहज तर्जनीला गुंडाळली होती.

“ए!” ती अशी ओरडली की गवतातले पक्षी उडाले. “सोड ती दोरी! आधी सोड! उद्यापासून नोटा नऊ बोटांनी मोजायच्यात का?”

कारकुनानं दोरी टाकली आणि हात पाठीमागे लपवला. त्यानंतर सिस्टरनं कुणालाच सोडलं नाही. हेल्मेटचे पट्टे ओढून पाहिले. हातमोजे नसलेल्या बेकरीवाल्याला परत पाठवलं. उतरवलेले पतंग वाळूचं वजन न ठेवता तसेच पडले होते, ते पाहून जुळ्या बहिणींना विचारलं, “वारा आला आणि हा एखाद्या फिरायला आलेल्या माणसाच्या गळ्यात गेला तर?” वारा वाहतो त्या दिशेला तीनशे पावलं मोकळी नसतील तर कुणी पतंग उचलायचा नाही, टेकड्यांच्या आडोशाला वारा गोल फिरतो म्हणून तिकडे जायचं नाही, ढग गडगडला की सगळं गुंडाळायचं. यातले बहुतेक नियम क्लबच्या वहीत होतेच, पण वही वाचून दाखवायला असा आवाज लागतो.

डॉक्टर टाचणीबाईंच्या कानाशी म्हणाले, “या दर रविवारी येतील का हो?”

“आता न येऊन कुठे जाते,” टाचणीबाई म्हणाल्या.

आणि सिस्टर खरंच येऊ लागली. घडीची खुर्ची, प्रथमोपचाराची पेटी, गळ्यात शिट्टी आणि हातात वारा मोजायचं छोटं यंत्र. वारा फार वाढला की ती शिट्टी वाजवून मोठे पतंग खाली उतरवायला लावी, आणि मग डॉक्टर असोत की बेकरीवाला, कुणाची हूं की चूं करायची टाप नसे.

थंडीत टाचणीबाईंनी स्वतःचा पतंग शिवायला घेतला. भिंतींची मापं त्यांनी जुन्या पतंगावरून वर्तमानपत्रावर उतरवली, कापड केशरी आणलं, आणि दोन महिने गिऱ्हाइकांचं काम उरकल्यावर रोज थोडं थोडं शिवलं. सगळ्यात अवघड होतं ते खालच्या बारीक दोऱ्यांचं जाळं. एक दोरी नखभर कमी पडली तरी पतंग लंगडायचा. सिस्टर समोर बसून दोऱ्यांची टोकं धरायची आणि पुटपुटायची, “ऑपरेशनला एवढे टाके लागत नाहीत.”

केशरी पतंग पहिल्यांदा आकाशात गेला. तो सरळ उभा राहिला, फुगला, आणि इतका देखणा दिसला की जुळ्या बहिणींनी फोटो काढले. टाचणीबाई बग्गीत बसल्या आणि निघाल्या.

किनाऱ्याच्या अर्ध्यावर टेकड्यांमध्ये एक खिंड होती. तिथून वाऱ्याचा एक झोत अचानक आडवा आला. पतंग सर्रकन मधल्या भागात गेला आणि त्यानं असा हिसका दिला की टाचणीबाई बैठकीतून उचलल्या गेल्या. बग्गी एकीकडे आणि त्या दुसरीकडे. अशा वेळी करायचं काय, ते सगळ्यांना पाठ होतं. मुठी सोडून द्यायच्या. मनगटाला बांधलेले पट्टे मागच्या दोऱ्या खेचून धरतात, पतंगातली हवा निघते आणि तो वाळत घातलेल्या चादरीसारखा फडफडत खाली बसतो. काहीच करायचं नाही, फक्त हात उघडायचे.

टाचणीबाईंनी हात उघडले नाहीत. कोपरं आणि गुडघे घासत पतंगामागून त्या वाळूवरून वीस-पंचवीस पावलं फरफटत गेल्या. वाऱ्याचा जोर ओसरला तेव्हा कुठे पतंग पडला.

सिस्टर पेटी घेऊन धावत आली. डावं मनगट मुरगळलं होतं, हनुवटी सोलवटली होती, बाकी हेल्मेट आणि गुडघ्यांच्या गाद्यांनी निभावून नेलं होतं. सिस्टरनं सगळं तपासलं, जखम धुतली, मनगटाला पट्टी गुंडाळली. टाचणीबाई ओरडा खायची वाट बघत होत्या.

“बोल ना गं काहीतरी.”

“डॉक्टरांचा पतंग असता तर सोडला असतास?” सिस्टरनं विचारलं.

टाचणीबाईंनी थोडा विचार केला. “सोडला असता.”

“मग?”

“हा मी शिवलाय. फाटेल असं वाटलं.”

“कापड फाटलं तर तू शिवशील. तू फाटलीस तर मी शिवायची, आणि माझे टाके तुझ्यासारखे सुबक येत नाहीत.” एवढं बोलून सिस्टरनं तोंड फिरवलं आणि बराच वेळ पेटीतल्या पट्ट्याच नीट लावत बसली. टाचणीबाई उजव्या हातानं तिची पाठ थोपटत राहिल्या.

तीन आठवडे मनगट बांधलेलं होतं. पट्टी सुटल्यावर सिस्टरनं अट घातली. बग्गीत बसायच्या आधी सोडायला शिकायचं. टाचणीबाईंनी मऊ वाळूत उभं राहून केशरी पतंग उडवायचा, आणि मागून सिस्टरनं मनात येईल तेव्हा शिट्टी फुंकायची. शिट्टी वाजली की हात उघडायचे. पहिल्या दिवशी टाचणीबाईंची बोटं काही उघडेनात. हातातलं कापड निसटू द्यायचं नाही, हे त्या बोटांना जन्मभर शिकवलेलं.

“उशीर!” सिस्टर ओरडायची. “परत!”

“अगं, मी शिंक देत होते!”

“वारा तुझी शिंक होईपर्यंत थांबतो का? परत!”

त्या दिवशी केशरी पतंग बत्तीस वेळा पडला आणि बत्तीस वेळा उठला. पुढच्या रविवारी आणखी चाळीस वेळा. बघणाऱ्यांना वाटे, या दोघी भांडतायत. होत्याही भांडत, पण मधून मधून दोघींनाही इतकं हसू येई की पतंग शिट्टीशिवायच खाली यायचा. हळूहळू बोटांना कळलं. शेवटी सिस्टरच्या तोंडात शिट्टी जायच्या आधी, तिनं श्वास घेतलेला ऐकूनच टाचणीबाई हात उघडू लागल्या.

“हे फसवणं झालं,” सिस्टर म्हणाली, पण त्या दिवशी तिनं बग्गीची परवानगी दिली.

वर्षातून एकदा क्लबची लांबची फेरी असे. जुन्या धक्क्यापर्यंत जायचं आणि ओहोटी संपायच्या आत परत यायचं. त्या वर्षी एकवीस जण निघाले. जाताना टाचणीबाई मधल्या घोळक्यात होत्या आणि मजेत गात होत्या. परतताना नेमकं त्या खिंडीपाशी वाऱ्यानं पुन्हा दांडगाई केली. पतंग मध्ये गेला, दोऱ्या ताठ झाल्या, बैठक हलकी झाल्यासारखी वाटली. टाचणीबाईंनी हात उघडले. पतंग आकाशातल्या आकाशात गळपटला आणि उताणा खाली आला. बग्गी दहा पावलं जाऊन मऊ वाळूत थांबली.

सगळीकडे एकदम शांत झालं. टाचणीबाईंनी बग्गीतून उतरून पतंगाला हात लावून पाहिला. कुठेही फाटला नव्हता. त्यांनी त्याच्यावर वाळू टाकली, पाण्याची बाटली काढली आणि वारा निवळेपर्यंत पाय पसरून समुद्र बघत बसल्या. एकामागून एक बहुतेक सगळे पुढे गेले. डॉक्टरांनी लांबून हात केला, त्यांनीही केला. अर्ध्या तासानं पतंग पुन्हा लावला आणि त्या एकविसांत एकोणिसाव्या आल्या.

सिस्टर दुर्बिणीतून सगळं बघत बसली होती. जवळ येऊन तिनं वहिनीचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, “चल, भूक लागली असेल.”

आता टाचणीबाईंच्या दुकानात एक अख्खी भिंत पतंगांची आहे. लांबच्या किनाऱ्यांवरून फाटके पतंग येतात. गणवेशांच्या मोसमात त्यांना थांबावं लागतं, तसं पाटीवर लिहिलेलं आहे. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला क्लब आधी सिस्टरकडे पाठवतो, आणि तिनं मुठी सोडायला शिकवल्याशिवाय कुणालाही बग्गी मिळत नाही.

ती स्वतः मात्र कधी बसणार नाही, असं सगळे धरून चालले होते. पण मागच्या महिन्यात एका रविवारी वारा अगदी झुळझुळीत होता, किनारा रिकामा होता, आणि सिस्टर खुर्चीतून उठून म्हणाली, “बघू तरी, यात एवढं काय आहे.” टाचणीबाईंनी तिच्या हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासला, सगळ्यात छोटा पतंग दिला आणि बाजूनं चालत राहिल्या. मग त्यांना जरा पळावं लागलं. मग पळूनही गाठता येईना. दोनशे पावलांवर सिस्टरनं पतंग डोक्यावर नेला, गाडी वळवली आणि व्यवस्थित थांबवली.

टाचणीबाई धापा टाकत पोचल्या. “काय गं? कसं वाटलं?”

“बैठक उजवीकडून ढिली आहे,” सिस्टर म्हणाली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि चष्मा वाळूनं भरला होता. “उद्या घट्ट करून टाक. आणि बाजूला हो, मी परत जातेय.”